डॉली पार्टनची पहिली वर्षं कशी ऐकावीत: स्वतःची गाणी लिहिणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलामुलींपैकी जी स्वतः गाणी लिहितात, त्यांना मी काही दिवसांतच डॉली पार्टन ऐकायला लावते. तिचा गळा, तिचे केस, तिचे चमचमते कपडे हे सगळं जगाला ठाऊक आहे. मला त्या मुलांना दाखवायची असते ती लिहिणारी डॉली. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, स्मोकी पर्वताच्या कुशीत, 12 भावंडांतली चौथी म्हणून 1946 साली जन्मलेली ही मुलगी नॅशव्हिलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या कंट्री संगीताच्या राजधानीत, आधी गीतकार म्हणून चालली. गायिका म्हणून तिला मान मिळाला तो नंतर. त्या क्रमाने ऐकलं, की गाणं कसं बांधायचं आणि बांधल्यावर ते आपल्या नावावर कसं राखायचं, या दोन्ही गोष्टी तिच्याकडून शिकता येतात. मी हे कसं करून घेते ते इथे लिहिते. कंट्री संगीताचा गंध नसला तरी अडणार नाही.

आधी वही आखा

ॲपवर तिचं नाव टाकलं की गाजलेल्या गाण्यांची यादी समोर येते. तिच्यात 1980 चं, 1983 चं, 1973 चं सगळं एकत्र कालवलेलं असतं. ती यादी बाजूला ठेवा, शफल बंद करा आणि साल बघून एकेक गाणं लावा.

वहीत तीन रकाने आखा: साल, गाणं कोणी लिहिलं, कोणी गायलं. लिहिणाऱ्याचं नाव ॲपमध्ये गाण्याच्या बाजूच्या तीन टिंबांत, क्रेडिट्सखाली सापडतं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. मधला रकाना भरत गेलात की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. तिचं पहिलं चाललेलं गाणं दुसऱ्याने लिहिलेलं होतं, आणि तिने लिहिलेलं पहिलं चाललेलं गाणं दुसऱ्याने गायलेलं होतं. हे वहीत स्वतःच्या हाताने उतरवलं की डोक्यात पक्कं बसतं.

1959 ते 1967: भरभर ऐका, पण गाळू नका

10 वर्षांची असल्यापासून ती नॉक्सव्हिलमध्ये कॅस वॉकर नावाच्या किराणा दुकानदाराच्या रेडिओ-टीव्ही कार्यक्रमात गायची. तिचा मामा, बिल ओवेन्स, तिला घेऊन दारोदार फिरायचा. 13 व्या वर्षी ती आजीबरोबर बसने लुइझियानातल्या लेक चार्ल्सपर्यंत गेली आणि गोल्डबँड नावाच्या छोट्या कंपनीसाठी 'पपी लव्ह' रेकॉर्ड करून आली. हे गाणं तिने मामाबरोबर लिहिलेलं होतं. 1959 मध्ये ते निघालं. ऐकलंत तर तेव्हाच्या रॉक अँड रोलच्या वाऱ्यावर स्वार झालेली एक शाळकरी मुलगी ऐकू येते. अजून तिचं स्वतःचं असं काही नाही. मुद्दाम ऐका, कारण तुमची पहिली गाणीही कुणासारखी तरीच होणार आहेत, आणि त्यात काही बिघडत नाही.

1964 मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिने नॅशव्हिलची बस धरली. मॉन्युमेंट रेकॉर्ड्सच्या फ्रेड फॉस्टरने तिच्याशी करार केला, पण कंपनीला तिच्याकडून पॉप गाऊन घ्यायचं होतं. तो उंच, कंप असलेला आवाज कंट्रीत खपणार नाही असं वाटत होतं. 1965 चं 'हॅपी, हॅपी बर्थडे बेबी' एकदा ऐका. नीटनेटकं आहे, पण कुणीही गायलं असतं तरी चाललं असतं असं.

आता लगेच 1966 चं 'पुट इट ऑफ अंटिल टुमॉरो' लावा. गाणारा बिल फिलिप्स, लिहिणारे डॉली आणि तिचा मामा. हे गाणं कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत गेलं. हेडफोन लावा आणि मागचा बाईचा आवाज पकडा. तो डॉलीचा आहे, आणि रेकॉर्डवर तिचं नाव नव्हतं. त्यानंतर कुठे कंपनीने तिला कंट्री गाऊ दिलं. 1967 मध्ये 'डंब ब्लॉन्ड' आलं. ते कर्ली पुटमनचं, तिचं नव्हे. पण त्यातली बाई समोरच्याला बजावते, मला मूर्ख समजू नकोस. अशी गाणी तिला पुढे आयुष्यभर शोभली. त्याच वर्षी तिचं स्वतःचं 'समथिंग फिशी' आलं आणि ते त्याच्याहून वर गेलं.

यातून उचलायची गोष्ट अशी. तुमचं गाणं तुम्हीच गायलं पाहिजे असा हट्ट सुरुवातीला धरू नका. मित्राच्या बँडला द्या, कॉलेजच्या एकांकिकेला द्या, गावातल्या ऑर्केस्ट्रातल्या चांगल्या गायकाला द्या. फक्त गीत-संगीत कोणाचं, हे देतानाच लेखी ठरवा. व्हॉट्सॲपचा एक मेसेजही तोंडी बोलण्यापेक्षा बरा.

पोर्टर वॅगनरची सात वर्षं

1967 मध्ये पोर्टर वॅगनर या तेव्हाच्या नावाजलेल्या कंट्री गायकाने तिला आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. आधीची गायिका नॉर्मा जीन लोकांची इतकी लाडकी होती, की सुरुवातीला प्रेक्षक डॉलीसमोर नॉर्मा जीनच्या नावाने ओरडायचे. पोर्टरमुळे ती आरसीए कंपनीत गेली आणि दोघांची युगुलगीतं जोरात चालली. त्यातलं 'द लास्ट थिंग ऑन माय माइंड' लावा आणि मूळ चाल कोण धरतंय, वरचा सूर कोण लावतंय एवढंच बघा. दोघांत गाणाऱ्यांना हे ऐकून हार्मनी म्हणजे काय ते कळतं. या काळातली बाकीची युगुलगीतं आवडली तर ऐका, नाही तर पुढे चला. खरं सोनं पुढे आहे.

'कोट ऑफ मेनी कलर्स': वस्तू धरायला शिका

इथे मात्र थांबा. हे गाणं तिने 1969 मध्ये पोर्टरच्या गाडीतून दौऱ्यावर जाताना लिहिलं. हाताशी कागद नव्हता, म्हणून पोर्टरच्या सुटाच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीच्या पाठीवर उतरवलं. 1971 मध्ये ते आलं. आता ते अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांत घेतलेलं आहे.

आधी शब्द समोर न ठेवता ऐका. मग शब्द उघडून पुन्हा ऐका आणि काय काय घडतं ते वहीत एकाखाली एक मांडा. कुणीतरी चिंध्यांचं खोकं दिलं. थंडी आलीये, मुलीला कोट नाही. आई एकेक तुकडा जोडत शिवते आणि शिवताना बायबलमधल्या योसेफाच्या रंगीबेरंगी अंगरख्याची गोष्ट सांगते. मुलगी मोठ्या ऐटीत शाळेत जाते. मुलं हसतात. ती का हसतात हे तिला कळतच नाही, कारण तिच्या लेखी त्या कोटात आईचं सगळं प्रेम शिवलेलं आहे. गरिबी म्हणजे काय हे ती शेवटी एका वाक्यात म्हणते, पण तोवर तुम्ही कोट हातात घेऊन पाहिलेला असतो, म्हणून ते वाक्य पटतं.

घटना तिच्या स्वतःच्या घरातली आहे. वडील रॉबर्ट ली शेतात राबणारे, लिहिता-वाचता न येणारे. आई एव्ही ली जुनी डोंगरी गाणी गाणारी. ही गाणी ब्रिटन-आयर्लंडमधून तिथे गेलेल्या लोकांनी बरोबर नेलेली, कडव्यामागून कडवं गोष्ट पुढे नेणारी. डॉलीने गाणं म्हणजे गोष्ट हे शाळेत जाण्याआधी घरी ऐकलं होतं.

आता करायचा सराव. आई, वडील, गाव, मैत्री यांपैकी एक विषय घ्या, पण त्याचं नाव गाण्यात येऊ देऊ नका. त्याऐवजी एक वस्तू घ्या. माझ्याकडच्या एका मुलीने आईवर गाणं लिहून आणलं होतं. माया, सावली, देव्हारा, समई, सगळं त्यात होतं. चाल गोड होती, तरी ते गाणं कुणाच्याही आईचं होऊ शकलं असतं. मी तिला विचारलं, तुझी आई दिवसभर काय करते? म्हणाली, घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. मग आम्ही बसून नुसती माहिती लिहिली. फॉल आधी भिजवून वाळत घालते. सुई ठेवायला जागा नसली की खांद्यापाशी पदरात खोचते आणि तशीच चुलीपाशी जाते. लोकांच्या साड्यांचे रंगीत दोरे घरभर असतात, मुलीच्या शाळेच्या मोज्यालाही चिकटलेले. बोलता बोलता ती मुलगी म्हणाली, वर्गात एकदा मोज्याला जांभळा दोरा होता आणि बाईंनी विचारलं होतं, हे काय. तिथे गाणं सापडलं. जुन्या गाण्यातली चाल राहिली, शब्द सगळे बदलले, आणि 'माया' हा शब्द नसतानाही ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून येतात. मी ते दरवेळी बघते.

सरावाचा नियम सोपा ठेवा. पहिल्या कडव्यात वस्तू कुठून आली, दुसऱ्यात ती कोणी कशी वापरली, तिसऱ्यात ती बाहेरच्या जगात गेली तेव्हा काय झालं. तीन कडव्यांत एवढंच. धृपद शेवटी लिहा.

'जोलीन': कमी कॉर्ड, एक नाव

ऑक्टोबर 1973 मध्ये आलेलं हे गाणं वाजवून बघितल्याशिवाय पुरतं कळत नाही, म्हणून गिटार घ्या. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, चौथ्या फ्रेटवर लावा आणि ए मायनर, सी, जी, पुन्हा ए मायनर असं वाजवा. शेवटच्या ओळींना मध्ये एक ई मायनर येतो. बस, संपूर्ण गाणं एवढ्यात आहे. उजव्या हाताचा अंगठा खालच्या सुरावर एकसारखा चालू ठेवा, बोटांनी वरच्या तारा छेडा. लय धावती आहे, रडकी नाही. नवशिके इथे हमखास लय पाडतात, कारण विषय दुःखाचा आहे. पाडू नका. ती बाई घाईत आहे, घाबरलेली आहे, आणि ती घाई त्या अंगठ्यात आहे.

आता रचना बघा. धृपदाचे आणि कडव्याचे कॉर्ड जवळजवळ तेच. मग धृपद वेगळं का वाटतं? कारण तिथे एका बाईला नावाने हाक मारली जाते, एकदा नव्हे, सलग चार वेळा, आणि हाकेगणिक चाल थोडी बदलते. एका नावावर धृपद उभं राहतं हे समजलं, की शंभर विशेषणांची गरज उरत नाही. हे नाव तिला एका लहान मुलीकडून मिळालं, जी कार्यक्रमानंतर सही घ्यायला आली होती. गोष्ट मिळाली ती बँकेतल्या एका लाल केसांच्या मुलीवरून, जी डॉलीच्या नवऱ्याशी जरा जास्तच गोड बोलायची.

शब्दांतली खरी करामत अशी, की गाणारी बाई त्या दुसरीला शिव्या देत नाही. तिचे केस, तिचा रंग, तिचे डोळे, तिचं हसणं, सगळ्याचं कौतुक करते. नवरा झोपेत तिचं नाव घेतो हेही तिलाच सांगते. मी तुझी बरोबरी करू शकत नाही, तर माझ्या माणसाला नेऊ नकोस, एवढीच विनवणी. उत्तर काय आलं, ते गाण्यात नाही. प्रेमभंगाच्या मराठी गाण्यांत आपण बहुतेकदा निघून गेलेल्या माणसाशी बोलतो, नाही तर स्वतःच्या मनाशी. डॉली तिसऱ्या माणसाशी बोलते, आणि तेही हात जोडून. गाणं कोणाला उद्देशून आहे, हे बदललं की सगळं गाणं बदलतं.

सराव: ज्याच्यावर तुमचा राग आहे त्याला नावाने हाक मारणारं गाणं लिहा. पहिल्या दोन कडव्यांत त्याचं फक्त कौतुक करा, खरं खरं. तिसऱ्यात एकच मागणं मागा. निकाल सांगू नका.

'आय विल ऑल्वेज लव्ह यू': गाणं कोणाचं?

हे गाणं बहुतेकांना व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात माहीत आहे. ते 1992 चं, आणि ते अमेरिकेच्या सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य यादीत 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. आधी डॉलीचं 1974 चं ऐका. तीन मिनिटांच्या आतलं, हळुवार. धृपदात गाण्याचं शीर्षकच पुन्हा पुन्हा येतं, बाकी फारसं काही नाही, आणि शेवटचं कडवं ती गात नाही, बोलते. पोर्टर वॅगनरपासून वेगळं व्हायचं होतं, तो सोडेना, वाद होत होते. तिने सांगितलंय, की भांडून काही होईना म्हणून हे गाणं लिहून नेलं आणि त्याच्या ऑफिसमध्ये त्याच्यासमोर गायलं. तो रडला आणि म्हणाला, जा, पण या रेकॉर्डचा निर्माता मी असणार. निरोपाचं गाणं असूनही त्यात एकही टोमणा नाही. 1974 मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं.

मग एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. डॉली हरखून गेली होती. पण रेकॉर्डिंगच्या तोंडावर त्याच्या मॅनेजरने, कर्नल टॉम पार्करने, अट कळवली: एल्विस गाणार तर गाण्याच्या पब्लिशिंग हक्कांतला, म्हणजे शब्द आणि चाल वापरल्याबद्दल पैसे मिळण्याच्या हक्कातला, निम्मा वाटा आमचा. तिने नाही म्हटलं. रात्रभर रडले असं ती सांगते, तरी नाहीच म्हटलं. पुढे व्हिटनीने ते गायलं तेव्हा गीतकार-संगीतकार म्हणून आणि हक्कदार म्हणून येणारा पैसा डॉलीचा राहिला.

हे नीट समजून घ्या, कारण यात मराठीत लिहिणारेही फसतात. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्याचं ध्वनिमुद्रण. रेकॉर्डिंगचा खर्च कंपनीने केला तर ध्वनिमुद्रण साधारणपणे तिचं असतं. तेवढ्याने तुमचे शब्द आणि चाल तिची होत नाहीत. त्यांचा हक्क जातो तो तुम्ही लिहून दिल्यावर.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे आणि 2012 ची दुरुस्ती गीतकार-संगीतकारांच्या फार कामाची आहे. कागद समोर आला की पुढच्या गोष्टी बघा. गाणं लिहिलं, की हक्क आपोआप तुमचा होतो. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, पण तारीख दाखवता आली पाहिजे. म्हणून कच्चं रेकॉर्डिंग स्वतःलाच ईमेल करून ठेवा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागते, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: सिनेमात किंवा रेकॉर्डवर गेलेल्या तुमच्या शब्दांच्या आणि चालीच्या वापरावर (सिनेमागृहात तो सिनेमा दाखवणं सोडून) मिळणाऱ्या रॉयल्टीतला तुमचा वाटा तुम्ही कंपनीला कायमचा लिहून देऊ शकत नाही, तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. अशी सोसायटी म्हणजे मुंबईतली आयपीआरएस, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. गाणं प्रकाशित झालं, की गीतकार किंवा संगीतकार म्हणून तिचं सदस्यत्व घेण्याच्या मागे लागा. 'सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असं वाक्य दिसलं तर सही करू नका. कागद घरी आणा, वकिलाला दाखवा. समोरचा म्हणेल, सगळेच करतात, आजच पाहिजे. आजच पाहिजे असेल तर तुमच्या गाण्याची गरज त्यालाही तेवढीच आहे, हे ध्यानात ठेवून बोला.

1977: पॉपच्या दारात

सुरुवातीची वर्षं मी 'हिअर यू कम अगेन'पाशी संपवते. हे तिने लिहिलेलं नाही. बॅरी मान आणि सिंथिया वाइल यांचं आहे. वहीतला मधला रकाना इथे पुन्हा दुसऱ्याच्या नावाने भरेल, 'डंब ब्लॉन्ड'च्या वेळी भरला होता तसा. पण आता कंपनीच्या सांगण्यावरून पॉप गाणारी, 1965 मधली मुलगी ती राहिलेली नाही. हे गाणं मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि पॉप ऐकणाऱ्या घरांत ती पोचली. गाणं फार पॉप होतंय असं वाटून तिने त्यात स्टील गिटार घालायला लावली, म्हणजे कंट्रीच्या लोकांना आपलं माणूस ओळखू येईल. पियानोच्या मागे सरकत जाणारा तो लांब सूर शोधा.

शेवटचा सराव तोच. तुमचं एक गाणं आधी नुसत्या गिटारवर गा. मग कीबोर्ड, ड्रम, बेस असं सगळं घालून मोबाइलवर कच्चं रेकॉर्ड करा. दोन्ही ऐका आणि काहीही झालं तरी सोडायचं नाही असं एक वाद्य ठरवा: ढोलकी असेल, हार्मोनियम असेल, तुमच्या गावाकडची दिमडी असेल. स्टुडिओत जाण्याआधी त्या वाजवणाऱ्याची वेळ घ्या आणि त्याला चाल पाठवून ठेवा. बाकीची वाद्यं तिथे जाऊन ठरवली तरी चालतात.